ग उतरवून पाहिला : पियानो वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकण्याच्या नोंदी

८ जून २०२५, फोंडा

पाऊस लागला की कार्यक्रम थंडावतात, म्हणून हे काम आताच काढलं. ठरवलंय एवढंच: पियानोवरची एकच रचना निरनिराळ्या पट्ट्या, म्हणजे सूर लावायच्या पद्धती, लावून ऐकायची आणि कानाला काय वाटलं ते त्याच रात्री लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की माणूस शहाणा होऊन लिहितो.

मी पेटीवाला. साथ करतो, रीड घासून सूर लावायची कामंही घेतो. टेंपर्ड पेटीच्या गंधाराला गवई नावं ठेवतात, ती ऐकतच मोठा झालो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागेही हीच कुरकुर होती. तेव्हा माझा निकाल मनात आधीच लागलेला आहे: पियानोचा ग चढा, तो उतरवला की पियानो सुरात येईल. हा पूर्वग्रह इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे अंगाशी आला तर नाकारता यायचा नाही.

हिशेब एकदाच. सप्तकाचे १२०० सेंट; सेंट म्हणजे दोन सुरांतलं अंतर मोजायचं माप. टेंपर्ड पट्टीत बाराही स्वरांना सारखी वाटणी, दोन शेजाऱ्यांत १००. तानपुऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येतो तो ग सा च्या सव्वापट, म्हणजे ५:४, आणि तो पडतो ३८६ वर. पियानोचा ग ४०० वर. १४ सेंट चढा. पंचम मात्र हवा ७०२, मिळतो ७००. त्याच्यावरून आजवर कुणी भांडलेलं पाहिलं नाही. सगळी भांडणं ग, ध आणि नी ची.

सामान: लॅपटॉप, त्यावर पियानोटेक हे पियानोचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर, एक सेकंडहँड डिजिटल कीबोर्ड, बरे हेडफोन. पियानोटेकला स्काला नावाच्या पद्धतीची फाईल दिली की तो हवी ती पट्टी लावतो. फाईल म्हणजे साधा मजकूर, एका ओळीत एक स्वर. संध्याकाळी बसून चार फायली केल्या: टेंपर्ड, शुद्ध गुणोत्तरांची, मीनटोन (तिच्याबद्दल पुढे) आणि वेर्कमाइस्टर या जर्मन ऑर्गनवादकाची १६९१ ची. तेवढ्यात वीज गेली.

१५ जून

रचना घेतली जर्मन संगीतकार बाखची, १७२२ च्या संग्रहातली पहिलीच, सी मेजरमधली. म्हणजे आम्ही पेटीवाले पांढरी एक म्हणतो ती. निवडायचं कारण असं की तिच्यात चाल अशी काही नाहीच. प्रत्येक मात्रागटात एक स्वरसमूह सुटा सुटा उलगडत जातो, त्यामुळे सूर तपासायला आयती.

आधी टेंपर्ड. पहिल्या गटात सा-ग-प-सां-गं. मधल्या सप्तकातले सा आणि ग एकत्र दाबून धरले की वर एक थरथर ऐकू येते, सेकंदाला दहाच्या आसपास. एकदा ऐकू आली की मग तीच ऐकू येत राहते. घरात माशी शिरावी तशी.

मग शुद्ध पट्टी. पहिला गट वाजला आणि मी हेडफोन काढून खोलीत पाहिलं. थरथर गायब. सूर एकात एक असे बसले की पाच पट्ट्यांऐवजी एकच मोठी तार वाजतेय असं वाटलं. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याजवळ बसल्यावर होतं तसं. मनात म्हटलं, झालं, प्रकल्प एका आठवड्यात संपला.

दुसरा गट: सा-रे-ध-रें-मं. आणि तो फाटला. अगदी नवशिक्यालाही कळेल असा. मला वाटलं फाईलमध्ये आकडा चुकला. पुन्हा उघडून पाहिलं, आकडे बरोबर होते. रे ९:८ म्हणजे २०४ सेंट. ध ५:३ म्हणजे ८८४. दोघांतलं अंतर ६८० सेंट. रे चा पंचम म्हणून ध तिथे ७०२ वर हवा होता, तो २२ सेंट खाली पडला. कंपनांचा हिशेब मांडला तेव्हा हसूच आलं: ही नवी थरथर सेकंदाला अकराच्या घरात. पहिल्या गटातून जी माशी हाकलली ती दुसऱ्या गटात येऊन बसली, जवळजवळ त्याच वेगाने पंख हलवत.

२२ जून

आठवडाभर त्या २२ सेंटांवर अडकलोय. खरं तर ही ओळखीची गोष्ट आहे. ८१:८० हे गुणोत्तर. नाट्यशास्त्रातल्या प्रमाणश्रुतीचं, म्हणजे सुरांतल्या सर्वांत बारीक अंतराचं, आजचे बरेच अभ्यासक लावतात ते माप हेच. आपल्याकडे त्यामुळे धैवत दोन: त्रिश्रुती ८८४ वर, चतुःश्रुती ९०६ वर. भूपाचा ध आणि देसकाराचा ध एक नव्हे असं शिकवलं जातं तेव्हा गुरूचं बोट याच फटीवर असतं. गवयाला काही अडचण नाही, तो गळा हलवतो. पट्टी दाबणाऱ्याला एकच ध मिळतो.

तर मी ध चढवला, ९०६ वर नेला. रे-ध लगेच सुरात. पण म-ध जो शुद्ध होता तो आता ४०८ झाला, टेंपर्डपेक्षाही वाईट. मग म थोडा चढवला, तर सा-म गेला. आमच्या जुन्या घराच्या कौलांची आठवण झाली. एक कौल सरकवून स्वयंपाकघरातली गळती थांबवायची, की देवघरात भांडं ठेवायला लागायचं.

यावर मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी चांगलंच डोकं चाललेलं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर मोजून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक छापलं. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या आधारावर श्रुतींची पेटी बनवून घेतली, ती १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली. ती रुजली नाही. आज डॉ. विद्याधर ओकांची बावीस श्रुतींची पेटी आहे. म्हणजे इलाज आहे: एका स्वराला दोन रीड. पियानोवर तो करायचा तर २३० च्या आसपास तारा आहेत त्या साडेचारशे करा.

२९ जून, मडगाव

कदंबाच्या बसने बोरीच्या पुलावरून मडगाव. बोर्ड्याला एक पियानो टीचर आहेत, सत्तरीच्या. त्यांच्या दिवाणखान्यात उभा पियानो आहे, आजोबांच्या वेळचा. मी लॅपटॉप आणि कीबोर्ड घेऊन गेलो. त्यांच्या पियानोला हात लावायची अजून परवानगी नाही.

शुद्ध पट्टीतला पहिला गट ऐकवला. माझी अपेक्षा होती, डोळे मिटतील. त्यांनी भुवया उंचावल्या. "हो सूर देंवला." कुठला विचारलं तर बोट नेमकं ग वर. साठ वर्षं ४०० चा ग ऐकलेला कान. त्याला ३८६ चा ग उतरलेला वाटणारच. मला चढा वाटतो तो त्यांना उजळ वाटतो. हे मी घरून निघताना धरलंच नव्हतं.

मग मीनटोन. यात पंचम सगळे थोडे थोडे आवळून ६९६ आणि अर्ध्यावर आणतात, त्या मोबदल्यात कामात येणारे ग बिनथरथरीचे मिळतात. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात ही पट्टी चालायची. मी बाख लावणार तेवढ्यात टीचरनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि मांडो, म्हणजे गोव्यातलं जुनं कोंकणी गीत, वाजवायला घेतला, ए मायनरमध्ये. मांडो दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज पहिल्याच्या खाली तिसऱ्या स्वरावरून सोबत चालतो. म्हणजे या पट्टीचं जे बलस्थान तेच मांडोचं अंग. काय लागला तो! दोन बायका परसात एकाच श्वासात गातायत असा. टीचर थांबल्याच नाहीत, दुसरं कडवंही वाजवलं. "ल्हानपणांत अशेंच आयकलां," म्हणाल्या. माणसं गाताना आपोआप अशीच लागतात, पियानो मध्ये नसेल तर. हे माझं मत, त्यांचं नव्हे.

पुढची गंमत त्यांनीच केली. "आमची गाणारी बाय इतक्या वयर गायना," म्हणून सवयीने एफ मायनरमध्ये नेलं. पहिल्याच स्वरसमूहाला दोघंही दचकलो. मीनटोनमध्ये काळ्या पट्टीचा एकच अर्थ असतो. जी शार्प लावलाय, तोच ए फ्लॅट म्हणून चालवायला गेलं की कोमल ग ३१६ ऐवजी २६९ वर. आणि जी शार्पपासून ई फ्लॅटपर्यंतचा पंचम ७३८. त्याला युरोपात लांडगा म्हणायचे, कारण तो विव्हळतो. टीचरनी झाकण मिटल्यासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले. "हें पियानोक जमचें ना."

गाण्याची पट्टी बदलली की खेळ खलास. हे वाक्य वहीत दोनदा लिहिलंय, एकदा सकाळी बसमध्ये त्याच्या उलट काहीतरी लिहिलं होतं ते खोडून.

६ जुलै

आषाढी एकादशी. उपास होता, घरात शांतता होती, म्हणून आजच अमेरिकन संगीतकार ला मॉन्टे यंगचं 'द वेल-ट्यून्ड पियानो' संपूर्ण ऐकायला घेतलं. १९८१ चं ध्वनिमुद्रण, पाच तासांहून थोडं जास्त. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलो, मध्ये दोनदा उठलो.

ऐकण्याआधी छाती थोडी फुगलेली होती, कारण यंग हे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. पण तारखा पाहाव्यात. हे काम त्यांनी १९६४ मध्ये सुरू केलं आणि प्राणनाथांकडे शिकायला लागले १९७० मध्ये. तेव्हा आपण शिकवलं म्हणून त्यांनी केलं असं म्हणता येत नाही. उलट झालं असावं: असा कान होता म्हणून ते आपल्या गुरूपाशी पोचले.

दुसरा फुगा पट्टी पाहिल्यावर फुटला. मी ज्या ३८६ च्या ग मागे लागलोय तो या पट्टीत नाहीच. गुणोत्तरं सगळी २, ३ आणि ७ या आकड्यांतून बांधलेली. ५ ला प्रवेशच नाही. आणि ७ म्हणजे काय ते तानपुरेवाल्याला ठाऊक असतं, नाव ठाऊक नसलं तरी. जवारी उघडी असली की खर्जात कधी कधी एक कोमल निषाद चमकून जातो, आपल्या पेटीवरच्यापेक्षा चांगलाच खालचा. तोच हा, ७:४, म्हणजे ९६९ सेंट. पेटीचा १०००.

पहिला तास कंटाळलो, खरं सांगतो. सुटे सुटे स्वर, मध्ये मोठी जागा. दुसऱ्या तासाच्या आसपास ते एकाच समूहावर दोन्ही हातांनी इतक्या जलद फिरायला लागतात की सुटा ठोका ऐकूच येत नाही, नुसता ढग तयार होतो. यंग त्याला ढगच म्हणतात. त्या ढगात कुठेतरी खाली घोगरा पुरुषी आवाज गातोय असं वाटायला लागलं, वर शिट्टी. पट्टीवर असा कुठलाच स्वर दाबलेला नाही. मी बाहेर जाऊन पाहून आलो, शेजारी भजन लावलंय का. नव्हतं. तारांचेच उपस्वर एकमेकांत मिसळून ते होतं, आणि सूर गुणोत्तरात बसलेले असल्यामुळे ते विस्कटत नाही, साचत जातं.

पण एक नोंदवतो. पाच तासांत ते सा सोडून गेले नाहीत. पायाखालची जमीन तीच.

संध्याकाळी देवळात भजनाला साथ. पेटी वाजवायला घेतली आणि पहिल्या ग ला मीच दचकलो.

२० जुलै, मडगाव

आज टीचरच्या पियानोला हात लावला. परवानगी एका सप्तकाची, मधल्या. तारांच्या खुंट्या फिरवायचा पाना मागवून आणला होता, फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाची, लांब पट्टी होती.

मधल्या भागात एका स्वराला तीन तारा असतात. फेल्ट त्यांच्या मधून अशी खोचत न्यायची की दोन्ही कडेच्या तारा दबतात आणि प्रत्येक स्वराची फक्त मधली बोलते. मग पाना खुंटीवर. सा तसाच ठेवला, ग उतरवायला घेतला. दोन्ही पट्ट्या डाव्या हाताने दाबून धरायच्या, उजव्याने पाना. थरथर आधी मोजता येण्याच्या पलीकडे, मग पाना केसभर फिरला की सहा, चार, दोन. मग एक लांब डोल, झोपाळा थांबताना असतो तसा. मग काही नाही. ते काही नाही ऐकण्यासारखं असतं. लॅपटॉपवर आकडा बदलला होता. इथे ते मनगटात कळलं.

पाना काढला, पट्टी दोनदा जोरात वाजवली, तर डोल परत आला. तार कड्यावर अडकून बसते, ठोका बसला की ताण सरकतो. म्हणून किंचित जास्त नेऊन ठोक्याने जागेवर आणायची असते. पेटीची रीड एकदा घासली की विषय संपतो. ही तार आपलं मत राखून असते. एका ग ला पंचवीस मिनिटं गेली.

कोमल ग ला माती खाल्ली. तो १६ सेंट चढवायचा होता. खुंटीजवळ तार तांबूस दिसत होती, दिसूनही पाना ओढला. टण्ण! टीचर स्वयंपाकघरातून धावत आल्या. काही बोलल्या नाहीत, तुटलेलं टोक पाहिलं आणि आत गेल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्यांच्या ट्यूनरला फोन लावला. त्याने आधी मनसोक्त झापलं, मग शिकवलं: समुद्राकाठची जुनी तार कधी सरळ चढवायची नाही. आधी थोडी उतरवायची, गंजाची पकड सुटली की मग चढवायची. दहा सेकंदांची गोष्ट. कुणाला विचारलं असतं तर.

त्या स्वराला अजून दोन तारा आहेत, त्यामुळे वाजतोय. बाकीचं सप्तक कसंबसं पुरं केलं.

३० जुलै

वास्कोचा भजनी सप्ताह. काम नाही. रात्रभर पेट्याच पेट्या, सगळ्या टेंपर्ड, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

१० ऑगस्ट, मडगाव

न सांगता ऐकण्याची परीक्षा. पियानोटेकवरून तुकडे काढून ठेवले होते, टीचरच्या पुतण्याने क्रम पिसला, कुठला तुकडा कुठल्या पट्टीत ते त्यालाच ठाऊक. ऐकणारे आम्ही पाच: टीचर, त्यांच्या दोन विद्यार्थिनी, आमच्या भजनी मंडळातले काका आणि मी.

संथ तुकड्यांत काकांनी शुद्ध पट्टी दर वेळी ओळखली, "हा लागला" एवढंच म्हणत. टीचरनीही दर वेळी ओळखली, नाक मुरडून. दोघांचा कान तितकाच तयार. आवड फक्त उलटी.

जलद तुकड्यांत मी टेंपर्ड आणि वेर्कमाइस्टर यांत सपशेल नापास. पेटीवाला, पदरी सगळे आकडे, आणि चहाच्या कपाकडे पाहत अंदाज ठोकत होतो. वेर्कमाइस्टरमध्ये सी मेजरचा ग ३९० वर आहे, शुद्धाच्या अगदी जवळ. सी शार्पकडे गेलं की तोच ४०८. म्हणजे घरात सुख आणि लांब गेलं की जरा ओढाताण, पण लांडगा कुठेच नाही. संथ वाजवलं तर हा फरक मजेचा आहे, प्रत्येक पट्टीला वेगळा चेहरा येतो. बाखच्या त्या संग्रहाचं नाव 'द वेल-टेंपर्ड क्लेव्हिअर'; त्यातलं 'वेल-टेंपर्ड', म्हणजे 'नीट लावलेला', हे आजचं टेंपर्डच असं समजायचं कारण नाही, हे त्यावरून पटतं. पण जलद लयीत तो चेहरा दिसायच्या आत पुढचा येतो.

परतताना बसमध्ये एक गोष्ट सुचली. पियानोचा सूर ठोक्यानंतर विझत जातो. पेटीचा भाता चालू आहे तोवर सूर उभा. त्यामुळे टेंपर्ड ग पेटीवर खाजत राहतो आणि पियानोवर खाज सुटायच्या आत सूर संपलेला असतो. टेंपर्ड पट्टी पियानोला जितकी मानवली तितकी पेटीला का मानवली नाही, याचं अर्धं उत्तर इथे असावं.

२४ ऑगस्ट, मडगाव

मी लावलेलं सप्तक पाहायला गेलो. राहिलंच नव्हतं. पावसाळ्यात स्वरफलकाचं, म्हणजे तारांमागच्या फळीचं, लाकूड ओल पितं, फुगून वर येतं आणि घोडीला, तिच्यावरून गेलेल्या तारांना, वर ढकलतं. ताण वाढतो, सूर चढतो, आणि मधल्या भागात सगळ्यात जास्त. शिवाय सगळीकडे सारखा नाही. माझा मेहनतीने बसवलेला ग सात-आठ सेंट वर, सा त्याहून कमी. आता जी पट्टी आहे तिला नाव नाही. टीचर म्हणाल्या, दर पावसाळ्यात असंच असतं, चवथीनंतर ट्यूनर येतो.

मी तीच बाखची रचना वाजवायची विनंती केली. वाईट नव्हती.

३१ ऑगस्ट

पाच दिवसांचा गणपती आज पोचवला. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवली. आरतीला दर वेळी घुमट या मातीच्या वाद्याचं कातडं शेकून घ्यावं लागत होतं, दमट हवेत आवाज बसतो. पियानो चढतो, घुमट उतरतं.

१४ सप्टेंबर, मडगाव आणि फोंडा

ट्यूनर आला. तीन तास काम. तुटलेल्या जागी नवी तार घातली आणि बजावलं की ही काही आठवडे उतरत राहील, त्याला जबाबदार हा मनुष्य, म्हणजे मी. टीचरना त्याने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पट्टी टेंपर्डच लागली. कोणीही येऊन कुठल्याही पट्टीत गाणार, त्यांच्या घरी तसंच असतं.

लावून झाल्यावर टीचरनी बाखचा पहिला गट वाजवला. थरथर होती. मी मान डोलावली, आणि त्यांनी का ते विचारलं नाही.

घरी येऊन पेटी उघडली. जूनपासून मनात होतं की निदान माझ्या पेटीचा पांढरी एकचा ग १४ सेंट उतरवून टाकायचा. रीड मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. दहा मिनिटांचं काम. रीड काढली, पातळ पत्रा खाली सरकवला, कानस हातात घेतली.

२२ ला घटस्थापना. मखरोत्सवात नऊ रात्री कीर्तनाची साथ आहे. यंदाचे बुवा काळी एकला गातात. त्या पट्टीत हाच ग कोमल ग होतो. तो हवा ३१६ वर, टेंपर्ड देते ३००. मी घासला असता तर २८६.

रीड परत बसवली, स्क्रू आवळले. भाता भरून सा आणि ग दाबून धरले आणि घड्याळाकडे पाहत मोजले. सेकंदाला दहा.